मेणबत्ती लावताना: घरची वंदना, ६ डिसेंबर आणि मोत माउली

मेणबत्ती घेताना आधी तिचं बूड बघा. वात बरोबर मधोमध असेल तर ती शेवटपर्यंत सरळ जळते. वात कडेला सरकलेली असेल तर त्या बाजूची भिंत पातळ होऊन फुटते, मेण ओघळून जातं आणि तासभर चालायची मेणबत्ती अर्ध्या तासात आटोपते. मग नखाने जरा खरवडून बघा. भुकटी निघाली तर मेण कडक आहे. नख रुतलं आणि बोटाला तेलकट लागलं तर ते मऊ पॅराफिन; मे महिन्यात माळ्यावर ठेवल्या ठेवल्या वाकणार.

माहीम आणि धारावीच्या मधल्या एका गल्लीत, छोट्याशा कारखान्यात, मी २२ वर्षं मेणबत्त्या ओतल्या. मालकीणबाई वसईकडच्या कॅथलिक. आम्ही सगळ्याजणी त्यांना आंटी म्हणायचो. मी बौद्ध, नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली. दिवसभर साच्यातून मोत माउलीला, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीला, वाहायचे मेणाचे हात-पाय काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन तथागतांपुढे मेणबत्ती लावायची, अशी ती वर्षं गेली. आता चाळीतल्या मुली-सुना विचारतात, मावशी, किती लावायच्या, कुठे लावायच्या, फुंकून विझवली तर चालते का, माउंट मेरीला गेलो तर काय न्यायचं. एकेकीला सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवते.

वात आणि मेण

पुष्कळांना वाटतं वात जळते. जळतं ते मेण. काडी लावली की ज्योतीच्या धगीने वातीभोवतीचं मेण वितळतं, त्याचं इवलंसं तळं होतं. ते पातळ मेण वातीतून वर चढतं, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. म्हणून कोरं सूत नुसतं पेटवलं तर भुर्रकन जळून जातं आणि मेणात उभं केलं की तासन्तास टिकतं.

वात लांब राहिली तर जळू शकेल त्यापेक्षा जास्त मेण वर खेचलं जातं. न जळलेला कोळसा काजळी होऊन भिंतीवर, तसबिरीच्या काचेवर बसतो. म्हणून दर वेळी लावण्याआधी वात तांदळाच्या दाण्याएवढी ठेवून बाकीची कापा. टोकाला काळी टोपी धरली असेल तर ती चिमटीने काढून टाका, तळ्यात पडू देऊ नका. आंटी म्हणायच्या, "अगं, देवापुढे जाताना नखं कापतो ना आपण, मग हिचीही कापायची." चांगली वात वेणीसारखी विणलेली असते. जळताना ती एका अंगाला झुकते, टोक ज्योतीबाहेर येऊन आपोआप जळून जातं. नुसता पीळ दिलेला दोरा ज्योतीत ताठ उभा राहतो आणि काजळी धरतो. घेताना वातीचं टोक उलगडून बघितलं की हा फरक लगेच दिसतो.

जाड मेणबत्ती पहिल्यांदा लावाल तेव्हा वितळलेलं तळं कडेपर्यंत पोचेस्तोवर विझवू नका. एक इंच जाडीला साधारण एक तास धरा. घाईने विझवली तर मध्ये विहीर पडते, पुढच्या वेळी वात त्या विहिरीत बुडते आणि भोवतालचं मेण वाया जातं.

आपल्या मुंबईचा पावसाळा मेणाला काही करत नाही, वातीला मात्र करतो. ओलसर वात तडतडते, ठिणग्या उडवते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, आडव्या ठेवा. काडेपेटीही त्याच डब्यात, सोबत मूठभर तांदळाची पुरचुंडी. उभ्या ठेवल्या तर उन्हाळ्यात कमरेत वाकतात. वाकलेली मेणबत्ती कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून पाटावर हलक्या हाताने लाटली की सरळ होते. मग वात नीट वाळू द्यायची.

जागा

१४ एप्रिल १९८१. मी १३ वर्षांची होते. आमची खोली १६० चौरस फुटांची, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली लाकडी फळी. फळीवर मेणाचे चार थेंब टपकवून मी मेणबत्ती चिकटवली. तसबिरीला प्लास्टिकच्या फुलांचा हार होता. खालून मिरवणुकीचा ताशा ऐकू आला तसे सगळे गॅलरीत धावले, मीही धावले. परत आले तेव्हा हाराचं खालचं टोक पेटलं होतं आणि जळतं प्लास्टिक फळीवर टपकत होतं. वडिलांनी कॉटवरची गोधडी ओढली आणि दोन्ही हातांनी भिंतीशी दाबून धरली. आग विझली. मला कोणी काही बोललं नाही. काचेला चीर गेली होती, फोटोचा डावीकडचा खालचा कोपरा तपकिरी पडला होता. वडिलांनी काच बदलली, फोटो बदलला नाही. ती तसबीर आता माझ्या घरी आहे.

त्या दिवसापासून मी मेणबत्ती तसबिरीच्या खाली ठेवत नाही, समोर ठेवते, आणि मध्ये एक हात अंतर सोडते. वर दोन हात काही लोंबकळत नाही ना, ते बघते: हार, पडदा, कॅलेंडर, दोरीवरचे कपडे. चाळीच्या खोलीत सगळ्यात धोक्याची असते ती दोरी. खाली स्टीलची थाळी, थाळीत दोन बोटं वाळू. वाळूत खोचलेली मेणबत्ती कलंडत नाही आणि ओघळलेलं मेण वाळूतच गोठतं. वाळू नसेल तर मेणबत्तीचं बूड काडीवर तापवा, थाळीवर दाबून धरा आणि मनात वीस आकडे मोजा. थेंब टपकवून चिकटवलेली मेणबत्ती वरवर घट्ट वाटते, धक्का लागला की सुटते.

पंखा बंद. ज्योत हलत असेल तर ओघळ येणारच, मेणाला नावं ठेवून उपयोग नाही. पदर खोचा, ओढणी मागे बांधा. आणि खोलीत कोणी थांबणार नसेल तर मेणबत्ती लावू नका. हात जोडा, ते पुरतं.

पेटलेल्या मेणावर पाणी मात्र कधीच टाकायचं नाही. कारखान्यात एकदा शेगडीवरचं पातेलं जास्त तापून पेटलं. नव्याने आलेल्या एका मुलीने घाबरून तांब्याभर पाणी ओतलं. पाण्याची क्षणात वाफ झाली, वाफेने पेटतं मेण वर उडवलं आणि ज्वाळ पार पत्र्याला लागली. तिचा हात भाजला, बरा व्हायला दोन महिने गेले. झाकण ठेवायचं, शेगडी बंद करायची, मागे सरायचं. झाकण नसेल तर जाड कापड किंवा वाळू.

घरची वंदना

आमच्याकडे पौर्णिमेला आणि रविवारी सकाळी वंदना असते. स्टुलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर. फुलं, दोन मेणबत्त्या, अगरबत्ती. मेणबत्त्या दोनच का, असं नातीने विचारलं. नियम असा काही नाही. एक लावली तरी चालते. दोन लावल्या की मूर्तीच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड पडतो, एवढंच.

आधी मेणबत्ती लावायची, मग तिच्याच ज्योतीवर अगरबत्ती. मान घरातल्या ज्येष्ठांचा. आमच्याकडे बहुतेक वेळा लहान मूल लावतं आणि त्याचं मनगट मोठ्या माणसाच्या हातात असतं. मग सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून तीनदा 'नमो तस्स', त्रिसरण, पंचशील आणि पूजेच्या गाथा. दिव्याची जी गाथा आपण म्हणतो तिच्यात 'घनसार' असा शब्द आहे. घनसार म्हणजे कापूर. कापराने उजळलेल्या, अंधार घालवणाऱ्या दिव्याने तिन्ही लोकांचा दीप असलेल्या बुद्धांना मी पूजतो, असा तिचा अर्थ. मेणबत्तीचं नाव त्या गाथेत कुठेच नाही. तेव्हा घरी समई असेल तर समई लावा, पणती असेल तर पणती. मेणबत्तीच पाहिजे म्हणून कोणी हटून बसलं तर त्यांना ही गाथा अर्थासकट वाचून दाखवा.

त्याच्या आधीची फुलांची गाथा मला लहानपणापासून आवडते. जसं हे फूल कोमेजतं तसा हा देहही नाशाकडे जातो, असं आपण म्हणतो. माझी आजी ती गाथा म्हणताना मेणबत्तीकडे बघायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "फूल कोमेजायला संध्याकाळ होते, बाई. ही डोळ्यांदेखत कमी होते." आपल्या वंदनेत मागणं नसतं. नोकरी लागू दे, पोर पास होऊ दे, असं या ज्योतीपुढे मनात आणायचं नसतं. ती लावताना आठवायचं ते हेच, कमी होत जाणं. म्हणून शेवटचं 'साधु साधु साधु' झालं की लगेच ती विझवून डब्यात टाकायची घाई करू नका. आम्ही धम्मावरची दोन पानं मोठ्याने वाचतो, चहा होतो, तोवर ती तेवत असते.

६ डिसेंबर

बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत झालं. ७ तारखेला दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. तिथला स्तूप, म्हणजे चैत्यभूमी, नंतर झाला. त्याचं उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ ला बाबासाहेबांच्या सूनबाई मीराताई आंबेडकरांच्या हस्ते झालं. माझे वडील ७ तारखेच्या त्या गर्दीत होते. त्या रात्रीविषयी ते फारसं बोलत नसत. समुद्राचा वारा होता, एवढं मात्र दरवर्षी म्हणत.

तो वारा आजही आहे आणि तुमच्या मेणबत्तीची पहिली गाठ त्याच्याशी पडते. उघड्यावर बारीक मेणबत्ती टिकत नाही. जाड बुटकी घ्या, काचेच्या पेल्यात तळाला चमचाभर वाळू घालून तीत ती उभी करा. पेला मेणबत्तीपेक्षा चार बोटं उंच पाहिजे. प्लास्टिकचा ग्लास किंवा कापलेली बाटली नको. माझं १४ एप्रिल आठवा.

रांगेत पेटती मेणबत्ती घेऊन उभं राहू नका, हे कळकळीने सांगते. ५ तारखेपासूनच विदर्भ-मराठवाड्यातून, देशभरातून माणसं येतात. कडेवर मुलं असतात, डोक्यावर गाठोडी, अंगात नव्या पांढऱ्या साड्या. बरीचशी माणसं दोन दोन रात्री झोपलेली नसतात. रेटा आला की आपला हात आपल्या ताब्यात राहत नाही. मेणबत्ती पिशवीत ठेवा. आत अस्थींपुढे फक्त हात जोडा, फूल ठेवा, पुढे सरका. मागे म्हातारी माणसं उभी असतात. मेणबत्ती बाहेर, मोकळ्या जागी, स्वयंसेवक दाखवतील तिथे लावा. वाळूत खोचताना चार बोटं खोल खोचा आणि अंगाचा आडोसा करून लावा. पाठ समुद्राकडे, तोंड स्तूपाकडे.

आमच्या चाळीत ५ तारखेच्या रात्री बारा वाजता सगळी मंडळी खाली पटांगणात उतरतात आणि पुतळ्यापुढे मेणबत्त्या लावतात. एकाची ज्योत दुसऱ्याला देताना पेटती मेणबत्ती सरळच धरायची, न पेटलेली तिच्यावर वाकवायची. लोक नेमकं उलटं करतात आणि गरम मेण समोरच्याच्या हातावर सांडतं. पुठ्ठ्याचा रुपयापेक्षा थोडा मोठा गोल कापून, मध्ये भोक पाडून मेणबत्तीत अडकवला की मुलांचे हात वाचतात. आम्ही जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे शंभरेक गोल आधीच कापून ठेवतो.

गेली काही वर्षं 'एक वही, एक पेन' अशी हाक दिली जाते: फुलं-मेणबत्त्यांऐवजी वही-पेन आणा, ते गरजू मुलांपर्यंत जाईल. मला ती मनापासून पटते. मेणावर २२ वर्षं पोट भरलेली बाई हे सांगतेय. मी आता एक मेणबत्ती नेते आणि डझनभर वह्या. पूर्वी मीच पाच-सहा मेणबत्त्या एकाशेजारी एक लावायची. एकीची धग दुसरीला लागून सगळ्या मिळून वितळायच्या, खाली नुसता मेणाचा चिखल व्हायचा.

मोत माउलीला जाताना

वांद्र्याच्या टेकडीवरच्या माउंट मेरीला आपल्याकडचे कोळी मोत माउली म्हणतात. माउलीची मूर्ती समुद्रात एका कोळ्याला सापडली, अशी कथा ते सांगतात. हल्लीची इमारत १९०४ ची. मारियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरचा, आणि लगतच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याची जत्रा. तिथे सगळ्या जातिधर्मांची माणसं जातात, म्हणून आपल्या पोरींना पद्धत माहीत असावी.

इथे नवस असतो. आपल्या वंदनेत जे मनात आणायचं नाही, तेच इथे मोकळ्या मनाने आणायचं असतं. दुसऱ्याच्या दारात गेलं की त्यांच्या रीतीने वागावं. बाहेरच्या दुकानांत साध्या मेणबत्त्यांबरोबर मेणाच्या आकृत्या मिळतात: हात, पाय, डोळे, काळीज, बाळ, घर. गुडघा दुखत असेल तर पाय, मूल हवं असेल तर बाळ. ही आकृती पेटवायची नसते. ती माउलीपुढे द्यायची असते. आमच्या शेजारणीने एकदा मेणाचा हात मेणबत्तीच्या स्टँडवर उभा करून काडी लावायला घेतली होती, म्हणून मुद्दाम लिहिलं. पेटवायच्या त्या साध्या मेणबत्त्या, त्याही बाहेर ठेवलेल्या जागेवर.

त्या आकृत्या कशा व्हायच्या ते सांगते, कारण हाताळताना ते उपयोगी पडतं. हाताचा साचा दोन फाळक्यांचा. आतून तेलाचा बोळा फिरवायचा, फाळकी जुळवायची, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ती करकचून बांधायची. मेण कधीही थेट आचेवर वितळवायचं नसतं; मोठ्या टोपात पाणी उकळत असतं, त्यात मेणाचं पातेलं बसवलेलं. मेण फार गरम ओतलं तर साच्याला धरतं, थंड ओतलं तर अंगावर वळ्या पडतात. आंटींकडे थर्मामीटर नव्हता. पातेल्याच्या कडेला दुधासारखी साय धरायला लागली की त्या म्हणत, "आता." मेण ओतायचं, साचा हातात धरून गोल गोल फिरवायचा आणि मधलं पातळ मेण परत पातेल्यात उलटायचं. भिंतीला चिकटलेला पापुद्रा तेवढा राहतो, म्हणून हात आतून पोकळ. थंड पाण्यात ठेवून साचा उघडताना करंगळी हमखास मोडायची. गरम चमच्याने ती जोडायची आणि जोड बोटाने पुसून घ्यायचा. तुम्ही आकृती घ्याल तेव्हा तिला तळव्यावर आडवी ठेवा, मनगटाशी चिमटीत धरू नका. सप्टेंबरचा पाऊस असतो, पिशवी असू द्या. पोटाशी दाबून नेऊ नका. रांगेत दोन तास अंगाची ऊब लागली की बोटं एकमेकांना चिकटतात.

जत्रेच्या आधीचे दोन महिने आम्ही फक्त आकृत्या करायचो. एका वर्षी एक माणूस आला. त्याला घर नको होतं, चावी हवी होती. पागडीच्या खोलीचा वाद चालला होता, त्याला आपलीच खोली परत हवी होती, दुसरं घर नको. असला साचा कोणाकडे असणार? आंटींनी त्याच्याकडची चावी मागून घेतली, ओल्या शाडूत दाबली आणि त्या ठशात मेण ओतलं. दात्यांसकट चावी उतरली. खोली मिळाली की नाही ते कळलं नाही, तो परत आला नाही. चावीचा शाडूचा ठसा खिडकीत ठेवला होता, तो पुढच्या पावसात विरघळला.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना असते, ती ८ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली. नऊ बुधवार सलग करायचे. मराठीतूनही प्रार्थना असते. मेणबत्तीची रीत वांद्र्यासारखीच, आणि बुधवारी त्या रस्त्याने बसने जायचं असेल तर घरून तासभर आधी निघा.

पास्का, २ नोव्हेंबर आणि चव्वेचाळीस मेणबत्त्या

कारखान्यातलं माझ्या सगळ्यात आवडीचं काम म्हणजे पास्काची मेणबत्ती. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये अंधार करतात, बाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर ही मोठी मेणबत्ती लावून आत आणतात. मग तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या बारीक मेणबत्त्या पेटत जातात. तिच्यावर क्रूस असतो, वर ग्रीक बाराखडीतलं पहिलं अक्षर अल्फा, खाली शेवटचं ओमेगा, आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत त्या वर्षाचे चार आकडे. लाल मेणाचा पातळ पत्रा करून मी ते आकडे सुरीने कापायची आणि कोमट अंगठ्याने दाबून बसवायची. क्रूसावर धूपाचे पाच खडे येतात, ख्रिस्ताच्या पाच जखमांचे. ते बसवायचं काम धर्मगुरूंचं, आम्ही फक्त भोकं ठेवायचो. ईस्टरनंतरचे पन्नास दिवस ती वेदीजवळ असते, पुढे वर्षभर बाप्तिस्म्याला आणि अंत्यविधीला लावतात. कॅथलिक मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला गेलात तर बघा, बाळाची छोटी मेणबत्ती हिच्यावरूनच लावतात. तिथे काडी पुढे करू नका.

२ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोक आपल्या मेलेल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. आंटी गेल्यापासून आम्ही चौघी-पाचजणी दरवर्षी शिवडीच्या दफनभूमीत जातो. आधी थडगं झाडायचं, पाण्याने पुसायचं, झेंडू आणि शेवंती पसरायची. मेणबत्ती संगमरवरावर थेट चिकटवू नका, मेणाचा तेलकट डाग दगडात मुरतो आणि निघत नाही. कुंडीतली माती भरलेली पणती न्या, तीत खोचा. वाळलेली पानं हाताने दूर करा. शेजारच्या थडग्यावर कोणी आलेलं नसेल तर तिथेही एक लावतात. आंटींनीच आम्हाला ते शिकवलं होतं. निघताना जळती मेणबत्ती तशीच सोडून येऊ नका, निदान बुटकी होईपर्यंत बसा. आम्ही तिथे आंटींच्या आवडीची नानकटाई खातो.

डिसेंबर आला की बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू समाजातले एक आजोबा यायचे, मराठी आपल्यासारखंच. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. घरी शुक्रवारी ते काचेच्या पेल्यात तेलाचाच दिवा लावत. मेणबत्त्या न्यायचे त्या हनुक्काच्या, त्यांच्या आठ रात्रींच्या सणाच्या. मोजून चव्वेचाळीस. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असं आठव्या रात्रीपर्यंत; त्या झाल्या ३६. शिवाय दर रात्री बाकीच्या पेटवायला एक सेवक मेणबत्ती, त्या आठ. मेणबत्त्या उजवीकडून मांडत जायच्या आणि पेटवताना डावीकडची, त्या रात्रीची नवी, आधी. अंधार पडल्यावर निदान अर्धा तास त्या जळल्या पाहिजेत, म्हणून ते एक मेणबत्ती कारखान्यातच लावून घड्याळ बघत बसायचे. शब्बाथचा, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी लावायचा, अठरा मिनिटं आधी. एकदा लागला की कोणी विझवत नाही, हात लावत नाही, तो आपला आपण शांत होतो. त्यांच्या घरी शुक्रवारी जेवायला बोलावलं आणि दिवा फडफडताना दिसला तरी सावरायला जाऊ नका.

विझवणं

फुंकू नका. पारशी लोक तर ज्योतीवर तोंडाची फुंकर कधीच घालत नाहीत, आणि आपल्या आयाही दिवा पदराने किंवा फुलाने शांत करायच्या. पदर नको, तो पेटतो. फुंकरीने पातळ मेण उडतं, धूर होतो, वातीचं टोक निखाऱ्यासारखं राहतं. केसातला आकडा घ्या. त्याने वात हळूच तळ्यात बुडवा आणि लगेच परत उभी करा. ज्योत धूर न होता जाते, वातीला मेणाचा लेप बसतो आणि पुढच्या वेळी एका काडीत लागते. आकडा थंड होईपर्यंत थाळीतच राहू द्या.

कपड्यावर मेण सांडलं तर ओलं असताना पुसू नका, पसरतं. बर्फाचा खडा फिरवा, गोठलं की नखाने उडवा. उरलेल्या डागाखाली-वर खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद तेल पिऊन घेतो. पांढऱ्या साडीसाठी छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

थाळीतलं मेण, वाळूतल्या गाठी, बुटके राहिलेले तुकडे टाकू नका. मी ते एका बिस्किटाच्या डब्यात साठवते. वर्षाअखेर डबा उकळत्या पाण्याच्या टोपात ठेवायचा, वितळलेलं मेण जुन्या मलमलीच्या फडक्यातून गाळायचं, वाळू आणि जळक्या काड्या फडक्यात राहतात. स्टीलच्या पेल्याला आतून तेलाचा हात फिरवा, विणलेली वात आडव्या काडीला बांधून मधोमध सोडा, कडेला साय धरली की ओता. गोठताना वातीभोवती खळगा पडतो, तेवढ्यासाठी थोडं मेण मागे ठेवून दुसऱ्यांदा भरा. रात्रभर राहू द्या. सकाळी पेला गरम पाण्यात क्षणभर बुडवला की मेणबत्ती सटकन निघते. रंग जरा मळकट येतो, लाल-पिवळ्या तुकड्यांचा. ५ डिसेंबरच्या रात्री मी पटांगणात नेते ती हीच.